नारळावर घेतलेला शब्द

सन्माननीय अध्यक्ष रावसाहेब लिमये, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले आमच्या शाळेचे हेडमास्तरसाहेब, ज्यांच्यावाचून या गावातलं कुठलंही कार्य पुरं होत नाही ते वकीलसाहेब जोगळेकर, मांडवीचे भिवा तांडेल आणि त्यांच्या घरच्या गोदूबाई, समोर जमलेल्या माताभगिनी, गृहस्थहो, विद्यार्थी मित्रहो, आणि ज्यांच्यासाठी आपण आज ही ओली छत्री घेऊन इथवर आलो ते आजचे उत्सवमूर्ती, चिरंजीव सदाशिव भिवा नागवेकर.

मला ओळखत नाही असा माणूस या सभागृहात विरळाच. ज्यांच्या पोटरीवर माझी छडी कधी पडली नाही, अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. मी रावजी साळवी, या शाळेचा ड्रिल मास्तर. त्याआधी पलटणीत हवालदार होतो, मेसापोटेम्यात तीन वर्षं काढली, आणि जिवंत परत आलो म्हणून हेडमास्तरांच्या आधीच्या हेडमास्तरांनी मला शाळेत घेतलं. भाषण हा माझा प्रांत नव्हे. हुकूम देणं हा माझा प्रांत. दोन्हींतला फरक मला फार उशिरा कळला, आणि आज मी उभा राहिलो आहे तो मुख्यतः त्यामुळेच.

रावसाहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. वकीलसाहेबांनी आताच पाऊण तास घेतला, त्यामुळे मी दहा घेतली तर रावसाहेब घड्याळाकडे पाहणार नाहीत असा मला भरवसा आहे.

प्रथम आनंदाची गोष्ट. सदू उद्याच्या आगबोटीने मुंबईस आणि तिथून विलायतेस निघाला आहे. ग्लासगो शहरात आगबोटीच्या इंजिनाचं शिक्षण घेणार आहे. मुंबईत गेल्या वर्षी बंदरातल्या पोहण्याच्या शर्यतीत हा मुलगा पहिला आला, तेव्हा एका साहेबाने त्याला पाहिलं, पत्रापत्री झाली, आणि ग्लासगोतल्या एका कॉलेजात त्याची सोय झाली. विद्यावृत्तीची अट अशी की, कॉलेजच्या क्लबातर्फे पोहायचं आणि प्रत्येक सहामाहीला परीक्षाही पास व्हायची. यातलं एक चुकलं तर दुसरं बंद. भिवा तांडेलाच्या सात पिढ्यांनी होडी वल्ह्याने आणि शिडाने हाकली. त्याचा मुलगा इंजिनाने हाकणार. याचा आनंद मला नाही असं कोण म्हणेल? माझ्या हाताखालचा मुलगा आहे. पहिल्यांदा शाळेत आला तेव्हा कवायतीत डावा पाय टाक म्हटलं की उजवा टाकायचा. पाण्यात मात्र दोन्ही बरोबर टाकायचा.

आता एक बारीकशी गोष्ट विचारतो, आणि व्यासपीठावरच्या मंडळींनी राग मानू नये. या मुलाला तीन वर्षं इंग्रजी आणि गणित कोणी शिकवलं? मी नाही. मला बेरीजसुद्धा बोटांवर करावी लागते. हेडमास्तरांनी नाही, त्यांना वेळ नव्हता. मांडवीहून मिरजोळ्यापर्यंत हा मुलगा रोज संध्याकाळी चालत जायचा, आणि तिथे ज्याच्या पडवीत बसून तो शिकला, त्या माणसाची खुर्ची या व्यासपीठावर कुठे आहे? मी सकाळपासून मोजतो आहे. सात खुर्च्या आहेत. आठवी मांडलेली नाही.

का मांडली नाही, ते मला ठाऊक आहे. काल तयारीच्या वेळी मी इथेच होतो. कोणीतरी म्हणालं, कोण ते जाऊ द्या, की पोर सातासमुद्रापार निघालं आहे, निघायच्या घडीला त्याच्यासमोर कुबडी नको. खाली मान घालून मी सतरंजी सरळ करत राहिलो.

तो माणूस आलेला आहे. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसला आहे. मागे वळून पाहू नका, त्याला ते आवडत नाही. त्याचं नाव महिपत रामा धनावडे. मोठ्या मंडळींना आठवत असेल, मुलांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो: या गावातून खेळ आणि विद्या दोन्ही घेऊन विलायतेस गेलेला पहिला मुलगा सदू नव्हे. पहिला महिपत. साल एकोणीसशे अठ्ठावीस. हेच सभागृह. असाच पाऊस ओसरलेला, आगबोटी नुकत्या सुरू झालेल्या. अध्यक्षस्थानी रावसाहेबच होते. आणि भाषण माझं होतं.

नाही रावसाहेब, पाच मिनिटं झाली नाहीत अजून.

महिपत पळायचा. मिरजोळ्याचा सडा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. चैत्रात तिथल्या कातळावर पापड टाकला तर भाजून निघेल. त्या कातळावरून हा कुणब्याचा मुलगा अनवाणी शाळेत यायचा, चालत नव्हे, पळत, आणि घंटेच्या आत. मी त्याला पाहिलं तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्याचे तळवे मी हातात घेऊन बघितले. चांगल्या वहाणेपेक्षा जाड होते. मी ठरवलं, याला मी घडवणार, आणि याच्या पायाला जोडा लागू देणार नाही.

हे खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं, तेही सांगितलं पाहिजे. मेसापोटेम्यात आमच्या कंपनीतली माणसं गोळीने मेली तेवढीच बुटांनी निकामी झाली. पावसाळी चिखलात महिना महिना बूट उतरवता येत नसत. उतरवले की कातडं बरोबर यायचं. मी स्वतः माझ्या हातांनी कापून काढले आहेत बूट लोकांच्या पायांवरून. तेव्हापासून माझी खात्री झाली होती की देवाने दिलेला तळवा हाच खरा. खात्री माणसाला बहिरं करते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

महिपत मॅट्रिक झाला, मुंबईस कॉलेजात गेला, तिथेही सगळ्यांच्या पुढे पळाला. मग स्कॉटलंडातल्या एका शेतकीच्या कॉलेजात त्याला घ्यायचं ठरलं. अट हीच, आज सदूला आहे तीच. पळायचंही आणि पास व्हायचंही. मिरजोळ्याच्या कुणब्याचा मुलगा विलायतेत माती शिकायला निघाला म्हणून आम्ही या सभागृहात कमानी उभारल्या. आणि मी भाषण केलं. ते मला अजून पाठ आहे. मी म्हणालो, "महिपत, ज्या पायांनी तू हा सडा तुडवलास, ते पाय साहेबाच्या चामड्यात कोंबू नकोस. अनवाणी पळ आणि अनवाणी जिंकून ये." आणि मी त्याच्या हातात नारळ ठेवला, आणि शब्द मागितला.

नारळ हातात घेऊन चारचौघांत दिलेला शब्द म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको. देणाऱ्याला तो मोडता येत नाही. ज्याने घेतला त्यानेच तो सोडवायचा. महिपतने नारळ कपाळाला लावला आणि म्हणाला, "मास्तर, अनवाणीच पळेन." काय टाळ्या पडल्या! वकीलसाहेब, आपण खुर्चीवरून उठला होतात. रावसाहेबांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्याला घातला. आणि मी? मी त्या दिवशी पलटणीतले बूट घालून उभा होतो. पॉलिश केलेले. हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही.

वर्षभर पत्रं चांगली येत होती. एक पत्र मी जपून ठेवलं आहे, त्यातलं थोडं सांगतो. तो लिहितो, "सकाळी वर्ग, दुपारी प्रयोगशाळा. हिवाळ्यात इथे दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात, म्हणून त्याआधी सात मैल पळून घेतो. मग पुस्तक. पुस्तकावर डोकं ठेवून झोप लागते ती खानावळीच्या बाई हलवतात तेव्हा उघडते. इथले गुरुजी म्हणतात पळणं कमी कर. क्लबाचा कप्तान म्हणतो वाचणं कमी कर. दोघेही मनाने चांगले आहेत. मी दोघांनाही हो म्हणतो." सदू, हे नीट ऐक. मी त्या वेळी हे वाचून खूश झालो होतो. मला वाटलं, पोरगं कष्ट करतं आहे. दोघांनाही हो म्हणणारं पोर एकटं पडलेलं असतं, हे मला त्यात दिसलं नाही.

मग दुसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला एक पत्र आलं. ते पत्र या व्यासपीठावरच्या तिघांनी ऐकलेलं आहे. बाकी कोणी नाही. त्याच्या आईनेसुद्धा नाही. तुळसाबाई आज आल्या आहेत, बायकांच्या बाजूला पुढे बसल्या आहेत. तुळसाबाई, जरा मन घट्ट करा.

त्याने लिहिलं होतं, "मास्तरांना शिरसाष्टांग नमस्कार. इथे जमीन गोठून दगडासारखी झाली आहे. पळताना थोड्या वेळाने पाय आहेत की नाहीत ते कळेनासं होतं. कप्तानाने स्वतः बाजारात जाऊन माझ्यासाठी खिळ्यांचे बूट आणले आहेत. मी त्याला सांगितलं की माझा शब्द आहे. तो हसला नाही. तो म्हणाला, तुझ्या मास्तरांना लिहून विचार. म्हणून विचारतो. आपण सोडवलंत तर घालीन. नाही सोडवलंत तरी माझी तक्रार नाही."

तो माझ्याकडे सुटका मागत होता. दुसरं काय होतं ते? आणि मी काय केलं? मी ते पत्र घेऊन तालमीच्या आखाड्यात आलो आणि या तिघांना वाचून दाखवलं. संध्याकाळची वेळ, आपण एवढेच होतो. हसलो आपण. आठवतं का, वकीलसाहेब? आपण म्हणालात, "लिहा त्याला, की मिरजोळ्याचा सडा इतक्यात विसरलास?" ते वाक्य मला इतकं आवडलं की मी तेच लिहिलं. पण मी आपल्यावर ढकलत नाही. शाई माझी, हात माझा, नारळ मीच दिलेला. मी लिहिलं, "मिरजोळ्याचा सडा इतक्यात विसरलास? तापलेल्या कातळाला जो भ्याला नाही, त्याला थंड जमिनीचं काय भय? शब्द तो शब्द. रत्नागिरी तुझ्याकडे पाहते आहे." चार ओळी. पलटणीत हुकूम लिहितात तसं. पाकीट बंद करताना मला आपण मोठं काम केल्यासारखं वाटलं.

पत्र जायला तीन आठवडे. पोचलं ते जानेवारीत, शर्यतीच्या आठ दिवस आधी. आणि शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी सहामाही परीक्षा सुरू.

पुढचं मला महिपतने सांगितलेलं नाही. त्याने मला कधीच काही सांगितलं नाही. कप्तानाचं इंग्रजी पत्र आलं होतं, हेडमास्तरांनी त्याचा अर्थ सांगितला, त्यावरून सांगतो. बर्फ पडलं होतं. बारा मैल, टेकड्यांवरून. नवव्या मैलावर कुठल्या तरी कुंपणाची गंजलेली तार बर्फाखाली पडली होती. ती त्याच्या उजव्या तळव्यात शिरली. त्याला कळलं नाही. कसं कळणार? पाय बधिर झालेले. तो तसाच तीन मैल पळाला आणि तिसरा आला. शर्यत संपल्यावर लोक खाली बोट दाखवायला लागले, तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं, तर बर्फावर लाल खुणा. कप्तान म्हणाला, इस्पितळात चल. महिपत म्हणाला, उद्या परीक्षा आहे. इस्पितळात गेलो तर परीक्षा बुडेल, परीक्षा बुडाली तर विद्यावृत्ती गेली. फडकं बांधून तो परीक्षेला बसला. एक दिवस. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी अंगात ताप मावत नव्हता, तरी पेपर पुरा केला. चौथ्या दिवशी बाकावरच कोसळला. विष वर चढलं होतं. घोट्याच्या वर चार बोटं सोडून पाय कापला, तेव्हा जीव राहिला.

खेळ गेला. परीक्षेत तीन पेपर पास, चौथा कोरा, म्हणून विद्याही गेली. एकाच आठवड्यात दोन्ही गेलं.

आणि आपल्याला त्याने काय कळवलं? "शर्यतीत तिसरा आलो. पायाला जरा लागलं आहे. पावसाच्या आत येतो." एवढंच. आपण फक्त पहिलं वाक्य वाचलं. मेमध्ये आगबोट आली तेव्हा मांडवीच्या बंदरावर ताशे घेऊन गेलो आपण. मी मुलांची रांग लावली होती. फुलं होती, हार होते. आगबोट लांब उभी, मचवा तिच्याकडे गेला, मचव्यावर हे आपले भिवा तांडेल. परत येताना बघतो तर भिवाने महिपतला पाठुंगळी घेतलं आहे आणि गुडघाभर पाण्यातून येतो आहे. आपल्याला वाटलं, तांडेलाने मानाने उचलून आणलं. काय जयघोष केला आपण! मीच ओरडलो पहिल्यांदा. भिवा पाण्यातून हात हलवत होता, आपल्याला वाटलं तोही जय म्हणतो आहे. जवळ आला तेव्हा ऐकू आलं. तो म्हणत होता, "वाजवू नका रे. बंद करा ते. वाजवू नका."

एक ताशेवाला लांब होता, त्याला कळलंच नाही. तो बराच वेळ वाजवत राहिला.

तुळसाबाई मिरजोळ्याहून तांब्याभर पाणी घेऊन आल्या होत्या. परगावाहून आलेल्याच्या पायावर पाणी घालायचं, ही आपली साधी रीत. त्यांनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि खाली बसल्या. एका पायावर पाणी घातलं. मग तांब्यात उरलेलं पाणी घेऊन तशाच बसून राहिल्या. ते कुठे घालावं त्यांना कळेना. मी चार हातांवर उभा होतो. माझ्या पायात बूट होते.

लढाईत मी पुष्कळ पाहिलं, गृहस्थहो. पण ते उरलेलं पाणी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

हे एवढं गावाला थोडंफार ठाऊक आहे. गाव हळहळलं, दैव म्हणालं, आणि पुढच्या कामाला लागलं. पण आणखी एक आहे, ते मी आज पहिल्यांदा सांगतो. आठ दिवसांनी तुळसाबाई माझ्या घरी आल्या. पदराखाली बूट होते. कप्तानाने आणलेले, खिळ्यांचे, ते त्याच्या ट्रंकेत निघाले होते. म्हणाल्या, "मास्तर, ह्ये जोडं नवंच्या नवं हाय. एकदाबी घातलान नाय काय त्यानं? आनि ह्यो कागुद आत व्हता. आमाला काय वाचता येत नाय. त्याला इचारलं तर गप बसतो. तुमी वाचून दावा."

कागद माझा होता. ते चार ओळींचं पत्र. त्याने ते बुटात घालून ठेवलं होतं.

तुळसाबाई, मी त्या दिवशी तुम्हाला काय म्हणालो आठवतं? मी म्हणालो, "मी त्याला आशीर्वाद लिहिला होता." तुम्ही कागद डोक्याला लावलात. म्हणालात, "तुमचे उपकार हायत, मास्तर." आणि मी ऐकून घेतलं. तो आशीर्वाद नव्हता, तुळसाबाई. पोराने जोडा घालू का म्हणून विचारलं होतं, आणि मी नको म्हणून कळवलं होतं. तुमच्या मुलाचा पाय त्या तारेने नेला नाही, माझ्या कागदाने नेला. सहा वर्षं झाली. मी हे तुमच्या पडवीत येऊन सांगायला हवं होतं. हिंमत झाली नाही. इथे हजार डोळ्यांसमोर उभं राहिल्यावर पळायला जागा नाही, म्हणून झाली.

वकीलसाहेब, बसा. मला ठाऊक आहे की आज मंगल प्रसंग आहे. मंगल प्रसंगालाच हे बोलायला हवं. कारण आता मी आजच्या गोष्टीवर येतो.

तासाभरापूर्वी याच व्यासपीठावर काय झालं? रावसाहेबांनी सदूच्या हातात नारळ दिला आणि शब्द घेतला, की परीक्षेत पहिला वर्ग आणि पोहण्याचा पेला, दोन्ही मिळाल्याखेरीज मांडवीच्या बंदरावर पाऊल ठेवणार नाही. रावसाहेबांच्या मनात काळं नाही. माझ्याही मनात नव्हतं. टाळ्या पडल्या. आणि लाजेची गोष्ट सांगतो, सगळ्यांत आधी माझेच हात उठले. सवय! दोन टाळ्या वाजल्यावर मला कळलं की मी काय करतो आहे. म्हणजे शब्द घेणाऱ्यांत मीही आलो. दुसऱ्यांदा.

सदू, तो नारळ अजून मांडीवर घट्ट धरून बसला आहेस. पोरा, तिथलं पाणी आपल्या खाडीसारखं नाही. छाती धरली, खोकला झाला, पेपर कठीण गेला, एखाद्या दिवशी नुसतंच आईची आठवण येऊन काही सुचलं नाही, तर तू काय करशील? कोणाला विचारशील? मी परवा तुला विचारलं, अडचण आली तर मला पत्र लिहिशील ना? तू खाली पाहिलंस. मी फारच लावून धरलं तेव्हा म्हणालास, "महिपतदादा म्हणाले, अडलं तर मला लिही. मास्तरांना नको."

सहा वर्षांत महिपत माझ्याविरुद्ध बोललेलं हे एकच वाक्य. तो मला अजून नमस्कार करतो. वाटेत भेटलो तर कुबडी सावरून बाजूला उभा राहतो. त्या कागदाविषयी एक अक्षर काढलं नाही. फक्त या पोराला वाचवण्यापुरतं तेवढं एक वाक्य बोलला. आणि ते बरोबर आहे, सदू. त्यालाच लिही. मला नको.

आता रावसाहेब, मी आपल्याकडे काही मागणार आहे. शब्द आपण घेतलात, तेव्हा सोडवायचाही आपणच. या मुलाला मोकळं करा. त्याला सांगा, की दोन्ही जमलं तर उत्तम, एक जमलं तरी चालेल, काहीच जमलं नाही आणि तिसऱ्या महिन्यात आगबोटीत बसून परत आला तरी हे बंदर त्याचंच आहे. मी त्या वेळी दोन शब्द लिहिले असते, "बूट घाल," तर आज महिपत त्या बाकावर नव्हे, इथे असता. आपल्याला तर लिहावंही लागणार नाही. मुलगा अजून समोर बसला आहे.

रावसाहेब खाली पाहताहेत. विचार करा, साहेब. मी थांबतो.

कोण? भिवा? काय म्हणतोस, जरा मोठ्याने बोल, मागच्यांना ऐकू येऊ दे... मंडळी, भिवा तांडेल म्हणतो, "पोरगा रिकाम्या हातानं आला तरी मचवा मीच नेनार हाय त्याला आनायला. पन त्याला दोन पायांनी उतरताना बगायचाय मला."

गोदूबाई, रडू नका. नाही, रडा. रडायलाच पाहिजे कोणीतरी.

रावसाहेब उठले... सावकाश, साहेब, तिथे पायरी आहे. सदू, उभा राहा. नारळ दे त्यांच्या हातात. सोड, पोरा, बोटं सोड. हां.

रावसाहेब, मी आपला फार फार आभारी आहे. आपल्या वयाला आणि मानाला हे सोपं नव्हतं. मला ते एका पोराच्या पत्राला उत्तर देतानाही जमलं नव्हतं.

बोलणं लांबलं. हेडमास्तरसाहेबांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, ज्यांची मनं दुखावली त्यांनीही मध्ये उठून मला खाली बसवलं नाही, याबद्दल सर्वांचे आभार. सदू, सुखरूप जा. गळ्याभोवती लोकर गुंडाळ, लाजू नकोस.

आता भाषणाच्या शेवटी, काही अधिकउणं बोललो असेन तर पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. अठ्ठावीस साली मीही म्हणालो होतो. अगदी याच जागी, हात जोडून. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवून मला तेव्हाच्या तेव्हा क्षमा केलीत. ज्याने करायची होती तो माझ्या शेजारी नारळ घेऊन उभा होता, दोन पायांवर, आणि त्याला कोणी विचारलं नाही. आज मी आपल्यापैकी कोणाकडेही क्षमा मागत नाही. कृपा करून टाळ्या वाजवू नका.

वाट द्या जरा, मुलांनो, बाक सरकवा.

महिपत, तू उठू नकोस. बस. मी येतो तिकडे.